अकरा माणसं, चौदा पदं

उच्पाकांचा, बटाटे हिवात वाळवायचे दिवस

धाकटे एउलालिया,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? लिमाच्या धुक्यात ते दुखतात असं तुझ्या लेकाने गेल्या वर्षी फोनवर सांगितलं होतं. त्यानंतर फोन नाही, म्हणजे एक तर बरे झाले असतील किंवा तुला फोनपर्यंत चालवत नसेल. माझे गुडघे अजून माझं ऐकतात. पत्र नेहमीप्रमाणे तेओफिलोच लिहितोय. (तुझं नाव लिहून झाल्यावर चष्मा पुसत बसलाय. पूस बाबा, मला घाई नाही.)

गावात आता अकरा माणसं उरली. इस्टरला तेरा होतो. एक लेकीकडे खाली गेली आणि मेलेसियो टेकाडावर गेला, बायकोशेजारी. पदं मात्र चौदाच आहेत, कारण ती गाव तीनशे माणसांचं होतं तेव्हा ठरली आणि पुढे कमी करायचं कुणाला सुचलं नाही. मेलेसियोला पुरून परत येताना वाटेतच त्याची मानाची काठी माझ्या हातात दिली. तेव्हापासून मी गावप्रमुख. शेताची राखण आणि कोंडवाडा आधीपासून माझ्याकडे होतेच. तेओफिलो न्यायाधीश आणि चिटणीस, म्हणजे स्वतःच निकाल देतो आणि स्वतःच लिहून घेतो. पाणी कासिमिराकडे. तुझी ती जुनी मैत्रीण, अजून तशीच तोंडाळ.

मागच्या महिन्यात माझं गाढव तिच्या सातूत शिरलं. तक्रार शेतराखणीकडे, म्हणजे माझ्याकडे आली. मी गाढव पकडून कोंडवाड्यात, म्हणजे माझ्याच अंगणात बांधलं. "ही कसली शिक्षा? रोज तिथंच तर असतं ते," कासिमिरा म्हणाली. मी म्हटलं, आज ते अटकेत आहे, तोंड बघ त्याचं. तिने माझ्या वाफ्याचं पाणी आठ दिवस तोडलं. न्यायाधीशाने दोघींना बोलावलं आणि सुनावणीत झोपी गेला. (हे लिही. लिहिलंस? बरं.)

एवढ्यात प्रांताहून मोटरसायकलवर एक साहेब आला. कोवळा, ओठ थंडीने फुटलेले. म्हणाला, कारभार लोकांपर्यंत पोचतो असं गावातल्या एका रहिवाशाने लिहून द्यायचं, आणि त्या रहिवाशाकडे कुठलंही पद नको. सप्टेंबर संपायच्या आत कागद आला नाही, तर उच्पाकांचा गावांच्या यादीतून जाणार, खालच्या गावाला जोडणार. आपल्या तळ्याचं पाणी मग तिथून वाटलं जाईल. वर किती येईल ते तुला सांगायला नको.

आम्ही अकराही जण चौकात उभे होतो. त्याने एकेकाला विचारलं आणि एकेकाने आपलं पद सांगितलं. आंधळा सेबेरो सुद्धा रस्त्यांचा मुकादम निघाला.

"मग तुम्ही कारभार करता तरी कुणाचा?" साहेबाने विचारलं.

 कासिमिरा म्हणाली, "सूप घे पोरा, निवतंय."

सूप पिऊन, कागद कोराच ठेवून तो गेला. आम्ही आपापल्या काठ्या घेऊन घरी आलो. त्या दिवसापासून संध्याकाळी कुणी कुणाकडे बसायला जात नाही.

असं सगळं चाललंय. तुझ्याकडे काही काम नव्हतं, सहज लिहिलं. नातवंडांना माझे पापे.

तुझी,
सातुर्निना (अंगठा)

ता. क. तुझ्या ओळखपत्रावर अजून उच्पाकांचाच लिहिलंय, हे तेओफिलोने गावच्या नोंदवहीत बघितलं. एकतीस वर्षं झाली तरी तू बदलून घेतलं नाहीस. आणि पद तर तुला कुणी कधी दिलं नाही. तेव्हा सप्टेंबरच्या आत येऊन सही कर. इथे आलीस की तू एकटी जनता आणि आम्ही अकरा जण तुझी सेवा करणार. असा मान लिमात कुणाला आहे?

ता. क. दुसरा. मागच्या खोलीचं छप्पर शाकारलंय. सही एका दिवसाची असली, तरी बिछाना जाड घातलाय.

ता. क. तिसरा. तेओफिलो म्हणतो, साहेब जाता जाता आणखी एक बोलला होता: आजीबाईंनी आपली सगळी पदं दुसऱ्यांना देऊन टाकली, तर त्यांचाच अंगठा चालेल. मी म्हटलं, हे लिहू नकोस. तो म्हणतो, मी न्यायाधीश आहे, अर्धं लिहीत नाही. मग हेही पुरतं लिही म्हटलं: कासिमिरा माझी पदं घ्यायला तयार आहे, रोज दारात येऊन विचारते, आणि मी एकही सोडणार नाही.