बिनदोऱ्याची शिलाई

मंगळवार, डिसेंबरचा दुसरा आठवडा. सकाळी थंडी होती. आठ वाजता शाळा उघडली. दुपारी एका मुलीचे वडील तोरणमाळहून आले, साडेतीनच्या गाडीने परत गेले. सहाला मी कुलूप लावून घरी आले.

माय, तू गेलीस तेव्हा मी हे काम करत नव्हते, म्हणून आधी ते सांगते. शहाद्यात आमची मुलींची प्रोग्रॅमिंगची शाळा आहे. संगणकाकडून काम करून घ्यायचं तर त्याला एकेक पायरी लिहून द्यावी लागते, ते आम्ही शिकवतो. परीक्षेची तारीख नाही, सगळ्यांनी एकदम पुढे जायचं असंही नाही. जिचा धडा पक्का झाला ती पुढे जाते, मग तिला चार दिवस लागोत की चार महिने. पक्का म्हणजे स्वतः लिहायचा आणि प्रत्येक ओळ का लिहिली ते आम्हाला सांगायचं. मुलीच्या कीबोर्डला शिकवणारीने हात लावायचा नाही. पाहुणे येतात, म्हणतात, छान, नवीनच पद्धत काढली तुम्ही. मला मात्र आपली ओसरी दिसते.

ओसरीत तुझी शिलाईची तीन मशिनं आहेत. शिवण शिकायला आलेल्या नवीन मुलीला तू कापड देत नाहीस. सुईतला दोरा काढतेस आणि वहीचं रेघांचं पान हातात देतेस. रेघेवरून नुसती भोकं पाडत जायचं. सगळी भोकं रेघेवर पडली की कोपरे, मग गोल, मग कुठे कापड. एखादी कुरकुरली की तू म्हणतेस, "घाई कसानी शे तुले? कापड काय पळी नई जाई ऱ्हायनं."

कळसाडीहून सायकलवर येणारी एक मुलगी महिनाभर पानावरच होती. बाकीच्या तिला कागदवाली म्हणायच्या. शेवटी तिला कापड मिळालं, तर झबल्याचा गळा बसेना. तिने तो तीनदा उसवला. मी तेव्हा दहावीत होते. मला तिची कीव आली, आणि ती पाणी प्यायला उठली तेवढ्यात मी गळा शिवून टाकला. तू झबलं उजेडाकडे धरलंस. "हाऊ हात तिना नई शे," एवढंच म्हणालीस. कोणाचा, ते विचारलं नाहीस. गळा उसवून झबलं परत तिच्यासमोर ठेवलंस. सगळ्या हसल्या. तिने माझं नाव घेतलं नाही, मीही तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

आज ज्या मुलीचे वडील आले, ती इथे वसतिगृहात राहते आणि दोन महिने एकाच धड्यावर आहे. गाव आणि वेळ विचारून तिकडची पुढची एसटी किती वाजता ते सांगायचं, एवढं तिला बनवायचं आहे. सकाळच्या गाड्या बरोबर येतात. शेवटची गाडी निघून गेली असली की तिचा प्रोग्रॅम पुढची गाडी शोधतच बसतो, थांबत नाही. तिच्या मागून आलेल्या दोघी पुढे गेल्या. वडील दारात उभे राहूनच मला म्हणाले, "ताई, हिला येत नसेल तर सांगून द्या. मी पोतं आणलंय, सामान भरून घेऊन जातो. घरी काम आहे."

मुलगी त्यांच्यासाठी चहा आणायला गेली. मी तिच्या खुर्चीत बसले आणि ती एक ओळ लिहिली. ती गेली नसती का माय, पोत्यात सामान भरून?

ती परत आली. वडिलांना दाखवायला म्हणून तिने रात्रीची वेळ घातली, तर पडद्यावर आलं: आता गाडी नाही, उद्या सकाळी या. वडील खूश झाले. "येतंय की हिला!" ती मात्र पडद्याकडेच बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही ओळ मी नाही लिहिली." आणि पुसून टाकली. प्रोग्रॅम पुन्हा अडकला.

वडिलांनी तिला त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी विचारलं. तिने बरंच उत्तर दिलं, मला त्यातलं थोडंच कळलं. मग ते माझ्याकडे वळून हसले. "ताई, ही म्हणते, गाडी माझी मीच थांबवणार. लई हट्टी आहे. आता ओढत नेऊ का?" त्यांनी पोत्याची घडी केली, काखेत मारली, गार झालेला चहा उभ्यानेच प्यायले आणि स्टँडकडे गेले.

सहा वाजेपर्यंत तिचं जमलं नव्हतं. उद्या परत बसेल. ती ओळ माझी होती हे तिला माहीत आहे, तरी मी कबूल केलं नाही. संगणक बंद करा, एवढंच सर्वांना म्हणाले. कळसाडीच्या मुलीलाही मी असंच जाऊ दिलं होतं. उद्या सकाळी आधी हिला सांगेन, मगच शिकवायला बसेन.

तुझं एक मशीन माझ्याकडे आहे. हा कागद त्याच्या खणात बॉबिनांखाली ठेवते. तुझ्या वहीचं एक कोरं पान उरलंय, त्यावर गोल रेघ काढलीय. सुईतला दोरा काढलाय, पान सुईखाली घातलंय. वळणावर माझी शिलाई अजून रेघ सोडते. बघते परत करून.