एकटीपुरता तंबू

दूध तापवलंय, गार झालं की फ्रिजमध्ये ठेव. मनीने कितीही गळा काढला तरी तिला दोनदाच खायला घाल.

मी चार दिवस डोंगरात जातेय. आपला दोघांचा तंबू काढला, तर त्याला बुरशी लागलेली. गेल्या वेळी ओलाच गुंडाळून माळ्यावर कोंबला होतास. म्हणून सोमवारी ऑफिसच्या फोनवरून तुझ्याच दुकानात फोन लावला. एका माणसापुरता, हलका, स्वस्तातला तंबू हवाय म्हटलं. वाटलं, दुसऱ्या वाक्याला आवाज ओळखशील आणि हसशील.

तू अर्धा तास बोललास. दीड किलोच्या वर जाऊ नका, स्वस्तातला घ्या पण शिवणी तपासून घ्या, वाळवल्याशिवाय गुंडाळू तर अजिबात नका! माझी उंची विचारलीस. पाठीचं काही दुखणं आहे का, तेही विचारलंस. सहा वर्षांपासून आहे म्हटलं, तर "अरेरे, मग जाड चटई घ्या, जपा हं," म्हणालास. घरी हेच दुखणं सांगितलं की तू टीव्हीचा आवाज वाढवतोस.

काल तू जेवायला बाहेर गेलास, तेवढ्यात दुकानात येऊन तू सांगितलेलाच तंबू घेतला. चटईही घेतली. गॅलरीत उभारून पाहिला, पाय छान पसरता येतात.

फोन ठेवताना तू म्हणालास, "एकट्याच जाताय ना, ताई? बिनधास्त जा. घरच्यांची काळजी करू नका."

नाही करत.

— ताई