हिरवा रंग उडाला

घरच्या मालकिणीस दूरच्या रंगाऱ्याचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. मंदीत कारखान्यात काम नव्हतं, तेव्हा कोणाला घरी पाठवायला नको म्हणून मुकादम आमच्याकडून यंत्रंच रंगवून घ्यायचा. माझं यंत्र मी तीनदा रंगवलं, तेही आपल्या दाराच्या हिरव्या रंगात. सगळे हसायचे, "याने इथेच घर थाटलं!"

आता दुसरी पाळीसुद्धा सुरू झालीय. समोरच्या न्हाव्याने बंद दुकान परत उघडलं. हात लागून लागून माझ्या यंत्राच्या दांड्याचा रंग उडालाय, आतलं लोखंड दिसतंय. मुकादम बघून म्हणाला, "उडू दे, असाच उडू दे!"

फक्त सुट्ट्या रद्द झाल्यात. रिकामा होतो तेव्हा जागा जाईल या भीतीने आलो नाही, आणि आता हे सोडत नाहीत. रागावू नकोस गं.

बाबांचा गुडघा कसा आहे? धाकटी अजून दार आपटते का? कडीजवळचा रंग एव्हाना उडाला असेल. तिथे दुसऱ्या कोणाकडून रंगाचा हात मारून घेऊ नकोस. तेवढं काम माझ्यासाठी राहू दे.

तुझाच,
रंगारी