व्याहीबुवांचे बारा गुण

अथिएनू, सायप्रस
जूनचा पहिला आठवडा

मानाचे व्याहीबुवा स्तेरगिओस यांना प्रोद्रोमोसचा मनापासून नमस्कार.

नव्या मलमाने विहीणबाई एवान्थियांच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा करतो. तुमचा रक्तदाब कसा आहे हे विचारायची माझी हिंमत नाही, कारण तो वाढवणारा माणूस मीच, असं देस्पोने मला फोनवर बजावलं आहे. (माझी मुलगी आता तुमची सून म्हणून बोलते. ते योग्यच आहे.) इकडे सगळे ठणठणीत आहेत. माझी बायको ख्रिस्ताला ठणठणीत आहे आणि माझ्याशी बोलत नाही. पाववाला ठणठणीत आहे आणि माझा पाव कागदात गुंडाळताना भिंतीकडे बघतो. चर्चमध्ये मी एकतीस वर्षं स्तोत्रं गातो आहे. गेल्या रविवारी मागच्या बाकावरून पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्याने खोकलं, आणि तो खोकला सर्दीचा नव्हता. तुम्ही माझे चार फोन उचलले नाहीत, म्हणून हे पत्र. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

सुरुवातीपासून सांगतो. मार्चमध्ये निकोसियाहून टीव्हीवाल्यांचा फोन आला की, देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेसाठी आपल्या देशाचे पाच परीक्षक नेमायचे आहेत, आणि निवृत्त संगीतशिक्षक म्हणून त्यातले एक तुम्ही. एका कागदावर सही घेतली: गुण गाण्याला देईन, देश आणि नातं बघणार नाही, आणि नेमणुकीची वाच्यता करणार नाही. (तेव्हा मला तो कागद म्हणजे नुसती रीत वाटली.) मी फक्त ख्रिस्तालाला सांगितलं. तिने फक्त तिच्या बहिणीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत हलूमी चीजच्या कारखान्यातल्या बायका मला लांबून हात करू लागल्या. आणि तुम्हाला मात्र मी स्वतः सांगितलं, फोन करून, निव्वळ मिरवायला. इथे चूक माझी आहे आणि ती मी मान्य करतो. तुम्ही लगेच हिशेब केलात: पहिल्या क्रमांकाला परीक्षकांचे बारा आणि जनतेचे बारा, म्हणजे दरवर्षीप्रमाणे सायप्रसकडून ग्रीसला चोवीस नक्की. मग तिकडे ग्रीसमध्ये तुम्ही तुमच्या इमारतीखालच्या कॉफीच्या दुकानात सगळ्यांना सांगितलंत की बारा गुण आपल्या व्याह्याच्या खिशात आहेत. मला त्या वेळी त्याचा अभिमान वाटला, हेही लिहून टाकतो.

आता जे सांगणार आहे ते देस्पोला माहीत नाही, त्यामुळे तुम्हालाही नसणार. परीक्षक मुख्य सोहळा बघून गुण देत नाहीत. आदल्या दिवशी, शुक्रवारी, रंगीत तालीम असते, कपडे, दिवे, धूर सगळ्यासकट. आम्ही ती टीव्हीवर बघतो, पहिल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमांक लावतो आणि यादी तिथेच बंद होते. जनता ऐकते ते शनिवारचं गाणं. गाणं तेच, माणूस तोच, पण गळा काही रोज तोच नसतो, हे स्तोत्रं गाणाऱ्याला सांगायला नको.

तर शुक्रवारी निकोसियातल्या एका खोलीत आम्ही पाच जण लांब लांब बसलो होतो, आणि आम्ही एकमेकांशी बोलू नये म्हणून मध्ये एक नोटरीबाई. (बाई फार कडक. मी चीजच्या सँडविचबद्दल शेजाऱ्याला काही म्हणायला गेलो, तर बोट ओठांवर.) ग्रीसची मुलगी आली. तिचा घसा बसला होता. दुसऱ्या कडव्यापासून सूर उतरायला लागला, आणि शेवटी तो लांब, वरचा स्वर असतो ना, तिथे आवाज चक्क फुटला. मी कागदावर तिच्या नावापुढे आधी 'क्रमांक एक' लिहिलं, कारण डोळ्यांसमोर तुम्ही होता. मग खोडलं. दोन लिहिलं, खोडलं. सात लिहिलं, तेही खोडलं. कागदाला भोक पडलं तेव्हा नोटरीबाईंनी नवा कागद दिला.

त्या नव्या कागदापुढे बसलो असताना मला देस्पोच्या लग्नातली गोष्ट आठवली. तुम्ही विसरला असाल, मी नाही. जेवणं झाल्यावर तुम्ही उभे राहून गायलात, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तुम्ही टेबलापलीकडून मला विचारलंत की, गुरुजी, कसं झालं. मी म्हटलं, अर्धा स्वर खाली. देस्पोचा चेहरा तिच्या पोशाखाइतका पांढरा झाला. लग्न लागून दोन तासही झाले नव्हते. ख्रिस्तालाने टेबलाखालून मला जी लाथ मारली तिचा वण अजून आहे. आणि तुम्ही उठून आलात, माझे दोन्ही गाल धरून मुके घेतलेत आणि म्हणालात, "चला, घरात एक तरी खरं बोलणारा आला." त्या दिवशी परतताना विमानात मी ख्रिस्तालाला म्हटलं, आपली मुलगी चांगल्या घरी पडली. व्याहीबुवा, तुमचं ते वाक्य मनात धरून मी एकोणीस लिहिलं.

शनिवारी आमच्याकडे चौदा माणसं जमली होती. ग्रीसची मुलगी आली आणि अशी गायली की तसं मी आयुष्यात क्वचित ऐकलं आहे. रात्रीतून घसा कसा उघडला देव जाणे. तो शेवटचा स्वर तिने घेतला, धरला, आणि जणू आमच्या टेबलावर अलगद आणून ठेवला. मी रडलो. ख्रिस्तालाला वाटलं अभिमानाने रडतोय, तिने प्रेमाने रुमाल दिला. (तिने प्रेमाने दिलेली ती शेवटची वस्तू.) मग आमच्या पाचही परीक्षकांच्या याद्या मिळून झालेले गुण जाहीर झाले: बारा पोर्तुगालला, ग्रीसला सात. माझ्या भाचीने माझ्यापुढची हलूमीची बशी उचलून पलीकडे ठेवली. थोड्या वेळाने जनतेचे गुण आले, ग्रीसला बारा, आणि चौदाही माणसांनी टाळ्या वाजवल्या त्या माझ्याकडे बघत. सकाळी प्रत्येक परीक्षकाची यादी नावानिशी प्रसिद्ध झाली. बाकी चौघांनी तिला पहिला किंवा दुसरा क्रमांक दिला होता. (चौघांपैकी दोघांचे व्याही अथेन्सला असतात, एवढंच म्हणतो.) ख्रिस्तालाने निकाल दिला: एकोणीस दिवस मसुराचं सूप. आजचा सतरावा दिवस.

मसूर मी खाईन. पण तुम्ही देस्पोला जे म्हणालात ते तिने मला सांगितलं: "एकोणिसाव्या नंबरवाल्याचं नाव एकोणिसाव्या नातवाला ठेवू. तोवर वाट बघा म्हणावं." टोमणा झकास आहे, मी फोनवर हसलो. मग मागच्या अंगणात जाऊन लिंबाच्या झाडाखाली बराच वेळ बसलो. पहिल्या नातवाला तुमचं नाव मिळालं, तो तुमचा मान. दुसऱ्याला आईच्या बापाचं नाव, अशी आपली रीत. मला मुलगा नाही. प्रोद्रोमोस हे नाव माझ्या आजोबांचं, ते माझ्यापाशी येऊन थांबलं आहे, आणि महिनाअखेरीच्या बाप्तिस्म्याला, धाकट्याचं नाव ठेवताना, ते पुढे जाईल असं मी बाळ पोटात असल्यापासून धरून चाललो होतो. ते जुनाट आहे, जड आहे, शाळेत पोरं चिडवतात, मला सगळं माहीत आहे. तरी ते पुढे जावं असं मला फार वाटतं.

झाल्या गोष्टीची माफी मी निम्मीच मागतो. शुक्रवारचं गाणं एकोणिसावंच होतं, ते मी बदलू शकत नाही. पण तुमच्या मित्रांसमोर तुम्हाला मान खाली घालावी लागली ती माझ्या मिरवण्यामुळे. त्याची पुरी माफी मागतो. नावापेक्षाही मला एका गोष्टीची भीती वाटते, की तुम्ही पुन्हा कधी गायलात तर मला विचारणार नाही, कसं झालं.

विहीणबाईंना नमस्कार, छोट्या स्तेरगिओसला पापा.

तुमचा, अजून तरी व्याही,
प्रोद्रोमोस

ता. क. सोबत पुदिन्यातली हलूमी पाठवतो आहे. ती ख्रिस्तालाने बांधली, तेव्हा माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नका.

ता. क. २. शनिवारी आमच्या घरातून ग्रीसला फोनवरून वीस मतं गेली. ख्रिस्ताला सांगत सुटली आहे की सगळी तिने दिली. तिने पाच दिली आणि पाहुण्यांना कॉफी करायला गेली. उरलेली पंधरा कोणी दिली ते मी सही केलेल्या कागदामुळे लिहू शकत नाही. नोटरीबाईंना कळू देऊ नका.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच देस्पोचा फोन आला. मागे बाळ रडत होतं. मी तिला म्हटलं, फोन त्याच्या तोंडाशी धर, आणि डोळे मिटून नीट ऐकलं. व्याहीबुवा, पोरगं अर्धा स्वर खाली रडतं. गळा तुमचाच उतरला आहे, तेव्हा नाव तरी माझं असू द्या. त्याला गुण मात्र मी बाराच दिले. तिथे मी परीक्षक नाही, जनता आहे.