क्रुसामागचा कागद

मेरान, १६ एप्रिल

प्रिय विगिलदादा,

तुम्ही सगळे बरे असाल. कोठारातलं वाळलं गवत मे महिन्यापर्यंत पुरेल ना? यंदा वर बर्फ लवकर हटणार नाही असं सगळे म्हणतात.

आज पहाटे इथे खाली खोऱ्यातही पारा शून्याखाली गेला. बागवाल्यांनी सफरचंदाच्या मोहोरावर पाण्याचे फवारे सोडले, आणि उजाडलं तेव्हा एकेक फूल बर्फाच्या काचेत बंद झालेलं. कामावर जाताना मी तिथेच थांबले. सगळी बाग हळूहळू टपटपत होती. वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत.

हल्ली स्वप्नंही अशीच पडतात. परवा आपल्या घरातली लाकडी खोली दिसली. खिडकीतून धुकं आत येत होतं. आई कोणाला तरी हलक्या आवाजात काही सांगत होती, आणि ती कोणत्या भाषेत बोलतेय तेच मला कळेना. मी म्हणत होते, थांब, मी भाषांतर करते. आई म्हणाली, "तोवर बाळ झोपेल गं."

बाकी माझं ठीक. ऑफिसात तेच काम. रोमहून इटालियनमध्ये आरोग्याची पत्रकं येतात, मी ती आपल्या जर्मन बोलणाऱ्या लोकांसाठी जर्मनमध्ये करते, मग ती दवाखान्यांत आणि सुईणींच्या पिशवीत जातात. तेवीस वर्षं झाली.

काल सुईण फिलोमेना आली होती. जिने चढून धापा टाकत म्हणाली, "तुमच्या भावाला लहानपणी काय खायला घालायचे हो? खेचरसुद्धा कधीतरी वळतं!" मग तिनं सांगितलं, की मार्लीसला सातवा महिना लागलाय. तुझी लेक पुन्हा आई होणार हे मला बाहेरून कळलं. तक्रार नाही. मी वागलेच तशी.

फिलोमेना तुमच्या घरी मार्लीसला डांग्या खोकल्याच्या लशीचं सांगू लागली, तसा तू खुर्चीवर चढलास आणि कोपऱ्यातल्या क्रुसामागून मी भाषांतर केलेला कागद काढलास म्हणे.

"हे वाच. 'गरोदरपणात घेऊ नये, बाळंतपणानंतर घ्यावी.' छापलेलं आहे."

"अहो, हे जुनं झालं."

"जुनं? क्रूसही जुनाच आहे."

मार्लीस म्हणाली, "बाबा, आत्याला एकदा विचारा तरी."

"तिला काय विचारायचं? तिनंच लिहिलंय. रोमचे साहेब दर वर्षी वेगळं बोलतात. माझी बहीण नाही बोलत."

फिलोमेनानं तुझी नक्कल इतकी हुबेहूब केली, की मलाही हसू आलं. ती गेल्यावर मी नळ सोडून बराच वेळ हात धूत उभी राहिले.

ती सवय आपल्याला आईनं लावली. गारपिटीच्या विम्याचा कागद, बाबांचं लढाईवरून आलेलं पत्र, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मंतरलेल्या डहाळ्या, सगळं क्रुसामागे. दर जानेवारीत घरभर धूप फिरवताना तू त्या कागदांनाही धूप देतोस. एकदा तिथे गेलेला कागद आपल्या घरात कोणी खोटा ठरवत नाही. माझा कागद तू तिथे ठेवलास तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

दादा, तीन वर्षं मी वर आले नाही. गुडघे, कामं, घाटातली दरड, जी जी कारणं तुला कळवली ती सगळी खोटी होती.

मार्लीसची पहिली लेक आग्नेस जन्मली त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात नवा कागद माझ्या टेबलावर आला. त्यात जुन्याच्या अगदी उलट होतं. प्रत्येक गरोदरपणात, शेवटच्या तीन महिन्यांत, ही लस घ्यावी. आईकडून बाळाला पोटातच संरक्षण मिळतं, आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने ते टिकतं. साहेबांना फ्लूची पत्रकं आधी हवी होती. ती केली. मग नाताळ आला, मी सुट्टीवर गेले. कागद खणात राहिला. कोणी विचारलं नाही, मीही काढला नाही. जर्मनमध्ये तो फेब्रुवारीत छापून आला. त्याच आठवड्यात आपण आग्नेसला पुरलं. डांग्या खोकल्यानं गेली तेव्हा सहा आठवड्यांची होती.

त्या हिवाळ्यात तू खोकत होतास. स्मशानाच्या फाटकाशी तू मला म्हणालास, "माझ्याच श्वासानं पोर गेली." त्यानंतर गावच्या बँडमध्ये तू कधी तुतारी फुंकली नाहीस. मला तिथेच, त्या क्षणी बोलायचं होतं. मी फक्त तुझ्या कोटावरचं बर्फ झटकलं.

लस घेतली असती तर आग्नेस नक्की वाचली असती, असं मी म्हणत नाही. कोणालाच म्हणता येणार नाही. पण मार्लीसला ठरवता आलं असतं. तिचं ते ठरवणं मी माझ्या खणात कुलूप घालून ठेवलं.

म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच सांगते, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आत्ताचा कागद सोबत आहे, यावर तारीख मोठ्या अक्षरात आहे. याला क्रुसामागे ठेवू नकोस. जेवणाच्या टेबलावर राहू दे, त्यावर डाग पडू देत. फिलोमेनाशी भांड, डॉक्टरांना विचार, आणि नवा आला की हा चुलीत घाल. पण मार्लीसला थांबवू नकोस. बाळाला आईकडून काही मिळायला दोन आठवडे तरी लागतात, आणि पहिलं बाळही लवकरच आलं होतं.

गुरुवारी दवाखाना उघडा असतो. मी दाराशी असेन. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. मार्लीसला मात्र हे सगळं मी माझ्या तोंडानं सांगणार आहे. ऐकण्याचा पहिला हक्क तिचाच होता, आणि त्यातही मला तीन वर्षं उशीर झाला.

तीन वर्षं तू एकट्यानं वाहिलेल्या दोषातला माझा वाटा परत मागणारी,

तुझी बहीण
क्रेसेन्झ