उकिरड्यावरची गोधडी

रविवार, रात्र

आज चर्चमध्ये पाळकांनी इब्री शब्द सांगितला, अश्पोत. म्हणजे वेशीबाहेरचा उकिरडा. टाकून दिलेली माणसं तिथं बसायची, देव त्यांना तिथूनच उचलतो, म्हणाले. पुढचं काही ऐकू आलं नाही. माझ्या बायकोची, मार्थाची गोधडी आमच्या उकिरड्यावर पडली आहे. ती गेली त्याच गोधडीत. टाकून आल्यावर सून म्हणाली, "आबा, लई वास मारत हुती." खरंच मारत होती. पण मी गप्प का बसलो?

पाळकांना विचारलं, देव वस्तू उचलतो का? ते हसले. "माणसंच, आबा."

उद्या खताची ट्रॉली भरणार. म्हणून संध्याकाळीच गेलो. गोधडी शेणाखाली गेलेली, तिच्या लुगड्याचं हिरवं ठिगळ तेवढं दिसत होतं. ओढली, निघेना. तिथंच बसलो. अंधार पडल्यावर मुलाने हात धरून उठवलं. मला एकट्यालाच.