जपानी भूमिगत रॉकचा पहिला मराठी इतिहास

१७ जानेवारी १९९१, गुरुवार, राबिघ (सौदी अरेबिया)

युद्ध सुरू झालं. मंजुषाने खिडक्यांच्या काचांवर पॅकिंगची ब्राऊन टेप चिकटवली. मी तिला नकाशा दाखवला. कुवेत इथून हजारभर किलोमीटर. ती म्हणाली, नकाशाने काच वाचत नाही.

असो. रेडिओ ऐकत बसण्यापेक्षा संकल्प: जपानी भूमिगत रॉकचा इतिहास लिहायचा. मराठीत कुणी लिहिलेला नाही. रोज तीन पानं. युद्ध संपायच्या आत पुस्तक खलास.

मंजुषाने विचारलं, जपानला कधी गेलात? जपानी येतं? मी म्हटलं, मराठ्यांचा इतिहास साहेबाने लिहिलाच ना! बाहेरच्या माणसालाच नीट दिसतं. ती टेप कापत राहिली.

२० जानेवारी

आमच्या प्लांटला पंप पुरवणाऱ्या जपानी कंपनीच्या नाकानोसाननी चार कॅसेट दिल्या. धाकटा भाऊ तोक्योत कुठल्याशा तळघरात गिटार वाजवतो म्हणे. तीन कॅसेटवर इंग्रजीत बँडची नावं. चौथीवर फक्त जपानी अक्षरं. म्हणाले, चौथी जरा लक्ष देऊन ऐका, तुमचं मत हवंय. इतक्या जणांत माझंच मत मागितलं. माणसाला पारख आहे.

पानं: शून्य. पण मनात रचना तयार.

२५ जानेवारी, शुक्रवार, दुपारी ४

चौथी ऐकली. काय सांगू! गिटार नाही, ड्रम नाही. तीस मिनिटं एकच घरघर आणि अधूनमधून टक्. मंजुषा स्वयंपाकघरातून विचारत आली की फ्रिज बिघडला का.

बी साइडला शेवटी लांबून एक माणूस ओरडतो. शब्द कळत नाहीत, पण काय तो आवाज! फाटका, बेसूर, आतून आलेला. माझ्या अंगावर काटा आला. पहिल्या तीन कॅसेट आता पोरखेळ वाटतात.

बँडचं नाव वाचता येत नाही म्हणून मीच ठेवलं: ‘लोखंडी उपवास’.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्लांटच्या स्टोअरचा जमालुद्दीन पापलेट घेऊन आला. मूळचा रत्नागिरीचा, वीस वर्षं इथल्याच यंत्रांत गेली. त्याला चौथी ऐकवली. मान तिरकी करून ऐकली न् म्हणाला, साहेब, हेचं बेअरिंग गेलंय.

स्टोअरकीपरकडून दुसरी काय अपेक्षा करणार? पण वाक्य चांगलं आहे. ‘ज्याचं बेअरिंग गेलं तो समाज’ असं उपशीर्षक घेतलं. जमालुद्दीनचं नाव तळटीपेत देईन.

पापलेट उत्तम होते.

८ फेब्रुवारी

बावीस पानं! सगळी चौथीवरच. सतरावं पान फक्त गायकावर. त्याचं बालपण हलाखीत गेलं असावं.

ऑफिसात कटकट. चार नंबरचा पंप आवाज करतो, जाऊन ऐका, अशी तिसरी चिठ्ठी आली. मेंटेनन्स इंजिनिअर आहे म्हणून काय सगळं मीच ऐकायचं? प्रकरण झालं की बघू.

१९ फेब्रुवारी

चार नंबरचा पंप बंद पडला. राखीव पंप चालू केला, नुकसान नाही. मला निरोप उशिरा मिळाला, कारण कानाला वॉकमन. मॅनेजरने कारण विचारलं. मी म्हटलं, युद्धपरिस्थिती.

२७ फेब्रुवारी

नाकानोसान परवा जपानला परत जाणार. उद्या आपल्याकडे जेवायला. प्रस्तावना त्यांच्याकडूनच घ्यायची. जपानी माणसाची प्रस्तावना असली की ‘बाहेरचा’ म्हणायची कुणाची टाप आहे? आरशासमोर दोनदा तालीम केली.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

युद्ध थांबलं. आमच्या घरी मात्र पुढीलप्रमाणे.

मसालेभात झाल्यावर मी चौथीबद्दल इंग्रजीत पंधरा मिनिटं बोललो. यंत्रयुगाची वेदना वगैरे. नाकानोसान वहीत टिपून घेत होते. मग त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, म्हणजे जानेवारीतच तुम्हाला सगळं ऐकू आलं होतं, तर मग बेअरिंग का बदललं नाही?

ती कॅसेट चार नंबरच्या पंपाची होती. आमच्याच. पंपाचा आवाज टेप करून तज्ज्ञाचं मत घेणं ही त्यांची पद्धत. कॅसेटवर तेच लिहिलं होतं, तारखेसकट.

मंजुषा हसता हसता खाली बसली. मग म्हणाली, तो गायक तरी ऐकू दे. मी नको म्हणत असताना बी साइड लावली. दोन सेकंदांत तिने ओळखलं. तो मी. पंपहाऊसच्या दारात उभा राहून चहा कुठे आहे म्हणून ओरडतोय. नाकानोसाननी मान डोलावली.

लाज वाटली. फार वाटली. जमालुद्दीनला उद्या सांगावंच लागेल.

१ मार्च, शुक्रवार

नाकानोसान विमानतळावर जाता जाता एक टाइप केलेलं पान देऊन गेले. प्रस्तावना समजून उघडलं. बेअरिंग बदलण्याच्या अकरा पायऱ्या. मॅनेजरला कॉपी.

तरी शांतपणे विचार करता, जपानी माणसाने ध्वनिमुद्रित केलेला मी पहिला मराठी गायक. म्हणजे या इतिहासात मी आता बाहेरचा नाही. पुस्तक नव्याने, आतून लिहावं लागेल. रोज पाच पानं. उद्यापासून. उद्या बेअरिंग आहे, परवापासून.

मंजुषाने काचांवरची टेप काढली. डिंक निघेना, म्हणून तिने रद्दी मागितली. बावीस पानं दिली. सतराव्या पानाने काच लख्ख निघाली.